भाड्याची जीभ

‘मला मत नसतं. मी भाड्याची जीभ,’ असं भाई म्हणत आणि उजव्या हाताचा पंजा चौकातल्या पोलिसासारखा समोर धरत. पंजा वर गेला की बोलणाऱ्याने थांबायचं. भाई क्षणभर डोळे मिटत, ऐकलेलं वाक्य आतल्या आत एकदा फिरवून बघत, आणि डोळे उघडून दुसऱ्या भाषेत ते जसंच्या तसं मांडत. पंजा खाली आला की पुढचं वाक्य. संघ जिंकलेला असो की हरलेला, हा क्रम मी कधी मोडलेला पाहिला नाही.

फुटबॉल सामन्यानंतरची पत्रकार परिषद तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. टेबलामागे कोच असतो, शेजारी एखादा खेळाडू असतो आणि दोघांच्या मध्ये एक माणूस असतो, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही. सौदीच्या पूर्व भागातल्या एका क्लबात हा मधला माणूस म्हणजे भाई. मी दम्मामला एका इंग्रजी दैनिकाच्या क्रीडा विभागात होतो, त्यामुळे मोसमात आठवड्यातून एकदा तरी गाठ पडायची. पहिल्या भेटीत त्यांनी माझं गाव विचारलं. कराड म्हटल्यावर म्हणाले, ‘म्हणजे घाटावरचे. चालेल.’ ते स्वतः दापोलीकडचे. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘पत्रकार’ झालो आणि माझं नाव मागे पडलं.

क्लबने सगळ्यांना दिलेला ट्रॅकसूट त्यांनाही मिळाला होता. खेळाडू तो कसाही अंगावर टाकत. भाई त्याला इस्त्री करत. पँटवर समोरून अशी धारदार घडी की दुरून पाहणाऱ्याला वाटावं, कचेरीतला हेडक्लार्क चुकून मैदानावर आलाय. ‘सूट आहे ना? मग सुटासारखा घालायचा,’ असं त्यांचं म्हणणं.

कोच पोर्तुगालचा. त्याला अरबी येत नव्हतं आणि इंग्रजी रागावल्यावर येई. एकदा मध्यंतरात तो बचावपटूवर ओरडला. भाईंनी पंजा वर केला, डोळे मिटले आणि अरबीत सांगितलं, ‘कोच म्हणतात, तू लाकडी दरवाजा आहेस, आणि तोही उघडा.’ आवाज शांत, चेहरा शांत. बचावपटू म्हणाला, ‘त्याला सांग, दार उघडं असेल तर कडी लावायचं काम गोलकीपरचं.’ भाईंनी तेही त्याच आवाजात कोचला सांगितलं. ड्रेसिंग रूममध्ये हशा झाला, कोचही हसला, भाई तेवढे हसले नाहीत. हसणं भाषांतरात बसत नाही, असं त्यांनी मला नंतर गंभीरपणे सांगितलं.

दुसऱ्या एका वेळी स्थानिक वाहिनीच्या बातमीदाराने प्रश्न विचारायला घेतला. आधी ईश्वराचं स्मरण, मग अध्यक्षांना दीर्घायुष्य, मग क्लबचा इतिहास, मग कोचच्या कर्तृत्वाचा गौरव, आणि शेवटी सरावाच्या वेळा बदलणार का, एवढाच सवाल. दुसरा कुणी दुभाषी शेवटचं वाक्य तेवढं सांगून मोकळा झाला असता. भाईंनी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. कोच म्हणाला, ‘नो.’ भाईंनी पंजा वर केला, डोळे मिटले आणि तितक्याच मनापासून सांगितलं, ‘नाही.’

ही काटेकोर वृत्ती कुठून आली, ते एकदा त्यांनी गाडीत सांगितलं होतं. तिशीच्या आत असताना ते हफ्र अल बातिनच्या एका लेबर कॅम्पात इलेक्ट्रिशियन म्हणून आले. मुंबईच्या एजंटाने दाखवलेल्या करारात एक पगार होता, इथे उतरल्यावर पुढे ठेवलेल्या अरबी करारात दुसरा. ‘बोट ठेवलं तिथे सही केली रे,’ ते म्हणाले. ‘काय लिहिलंय ते विचारलं, तर कॅम्पचा दुभाषी म्हणाला, सगळं तेच आहे. आपलाच माणूस होता. मलबारी.’ त्यानंतर त्यांनी अरबी शिकायला घेतलं. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, मशिदीतली प्रवचनं, जे समोर येईल ते. वायरिंग सुटलं आणि जीभ राहिली.

घरी बायको आणि मुलगी. मोठी मुलगी लग्न होऊन पनवेलला. धाकटी दम्मामच्या भारतीय शाळेत बारावीला. भाई घरी कोकणी मराठीत बोलत, मुलगी उत्तर हिंदीत देई, आणि फारच झालं तर ‘अब्बू, प्लीज, डोन्ट स्टार्ट’ असं इंग्रजीत. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. भाईंचं सगळं आयुष्य त्या वर्षी एका गोष्टीभोवती फिरत होतं: मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत इथे राहायचं. त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, क्लबच्या नावावर, बायको-मुलीचा त्यांच्या नावावर. नोकरी गेली तर तिघांनाही जावं लागणार. ‘मार्चनंतर मला हाकलून दिलं तरी मी मिठाई वाटीन,’ असं ते म्हणत. ‘तोपर्यंत मात्र कुणाच्या अध्यात नाही नि मध्यात नाही.’

आता पोराबद्दल. त्याचं नाव मी लिहीत नाही. भाईंनीही नंतर घेतलं नाही. सुदानी आईबापांचा, जन्म दम्मामचा. इथेच जन्मलेल्या परदेशी मुलांना क्लबात खेळायची थोडी संधी मिळते, त्यातून तो क्लबच्या कुमार संघात आला. उंच, सडपातळ, मोजे कायम घोट्यावर उतरलेले, आणि डाव्या पायात अशी ताकद की सरावाला गोलकीपर हातमोजे काढून हात चोळत बसे. बाप खमीस मुशैतला ट्रक चालवायचा, वर्षातून दोनदा येई. आई आणि लहान भावंडं भाईंच्या इमारतीमागच्या गल्लीत राहायची.

सराव संपला की भाई त्याला गाडीतून घरी सोडत. सोडता सोडता एक दिवस जेवायला वर नेलं. मग ते नेहमीचंच झालं. तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण त्याला इतकं आवडलं की भाईंची बायको त्याच्यासाठी वेगळ्या भाकऱ्या थापायला लागली. मुलगी त्याला मुलाखतीत बोलायचं इंग्रजी शिकवी. मी एकदा होतो तिथे. तिने चमचा माइकसारखा त्याच्या तोंडासमोर धरला होता आणि तो घाम फुटून म्हणत होता, ‘आय ॲम व्हेरी हॅपी फॉर द टीम.’

‘अब्बू, इसने सारे प्रॉन्स खतम किये,’ मुलगी म्हणाली.

‘खाऊ दे,’ भाई म्हणाले. ‘गोल कोळंबीवरच होतात.’

पोरगा त्यांना ‘अम्मो’ म्हणे, म्हणजे काका.

त्या उन्हाळ्यात क्लबने त्याच्यापुढे पहिला व्यावसायिक करार ठेवला. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: कुमार संघातून वर येणाऱ्या खेळाडूकडे पहिल्या करारावेळी हातात काहीच नसतं. नाव नाही, एजंट नाही, दुसरं दार नाही. म्हणून हे करार लांब मुदतीचे आणि थोड्या पगाराचे असतात, आणि मुलं आनंदाने रडत सही करतात. पोराचा करार पाच वर्षांचा होता. पगार परदेशी खेळाडूच्या ड्रायव्हरपेक्षा कमी. शिवाय क्लबला वाटेल तेव्हा, वाटेल त्या गावच्या संघाला तो उसना देता येणार होता, त्याला न विचारता. बापाने खमीस मुशैतहून फोनवर सांगितलं, सही कर आणि देवाचे आभार मान.

पोराने सही केली नाही. संघ सराव शिबिराला डोंगरावर जायला निघाला त्या दिवशी तो बसमध्ये चढला नाही.

युरोपातल्या मोठ्या खेळाडूंनी असं अडून बसणं आपण वाचतो. दम्मामच्या गल्लीतल्या पोराने ते करणं, ही क्लबच्या इतिहासात नवी गोष्ट होती. पहिल्या आठवड्यात क्लबात लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात संघ तीन सराव सामने गोल न करता खेळला आणि हसणं थांबलं. कोच रोज विचारी, ‘माझा पोरगा कुठे आहे?’ भाई ते अध्यक्षांना फोनवर जसंच्या तसं सांगत. मी विचारलं, ‘भाई, पोराचं काय होणार?’ त्यांनी पंजा वर केला. ‘मला मत नसतं, पत्रकार.’

खरं काय घडत होतं, ते त्यांनी मला बऱ्याच नंतर सांगितलं. शिबिर अर्ध्यावर असताना अध्यक्षांनी त्यांना परत बोलावून घेतलं. पोरगा त्यांच्या मागच्या गल्लीत राहतो, हे सगळ्यांना माहीत होतं. निरोप असा: शुक्रवारपर्यंत आला नाहीस तर क्लबचं दार बंद, आणि दुसऱ्या कुणालाही तुला घेऊ देणार नाही. भाईंनी पोराला आपल्या घरी बोलावून हा निरोप शब्दाला शब्द सांगितला. पंजा खाली आणला. आणि म्हणाले, ‘हे क्लबचं झालं. आता माझं ऐक.’

इतक्या वर्षांच्या दुभाषेपणात त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं काही सांगितलं होतं. ते असं: बसून राहा. सही करू नकोस. पाच नाही, दोन वर्षं माग. उसनं द्यायचं तर तुला विचारून. आणि हे कागदावर मागू नकोस, फोनवर मागू नकोस, मजलिसीत माग.

अध्यक्ष मोसमाआधी एका गुरुवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर घराची बैठक उघडी ठेवत, तीच मजलिस. शहरातले वडीलधारे, क्लबचे लोक, पत्रकार, सगळे येत. आल्या-आल्या प्रत्येकाला कहवा दिला जातो, मुठीत मावेल एवढ्या फिंजानमध्ये. वाळवंटातल्या टोळ्यांचा एक जुना रिवाज आहे. ज्याला काही मागायचं असतं, तो भरलेला फिंजान न पिता समोर खाली ठेवतो. यजमानाने ते पाहिलं की त्याला विचारावंच लागतं, तुझं मागणं काय? आणि चार माणसांसमोर ‘पी, मिळालं तुला’ म्हणावं लागतं. पाहुणा न पिता उठून गेला, तर लाज घराला लागते. भाईंनी हे हफ्रला पाहिलं होतं. एका उंटवाल्या शेखाचा जनरेटर दुरुस्त करायला गेले असताना एका म्हाताऱ्याने मुलाच्या हातून झालेल्या खुनाची माफी अशी मागितली होती. ‘मी वायर हातात धरून उभा होतो,’ ते म्हणाले. ‘कहवा गार होत होता आणि कुणी श्वास घेत नव्हतं.’

सुदानी घरात कॉफीचे रिवाज वेगळे. पोराला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाईंनी त्याला सगळं समजावलं आणि मोबदल्यात एकच गोष्ट मागितली. ‘माझं नाव कुठे येता कामा नये. कुणी विचारलं तर सांग, बापाने शिकवलं. माझी मुलगी बारावीला आहे. तुला माहीत आहे.’ पोराने छातीवर हात ठेवून ‘वल्लाही’, देवाशपथ, म्हटलं. मुलगी तेव्हा शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. तिने ते ऐकलं होतं.

तो गुरुवार मी स्वतः पाहिला, म्हणून त्याबद्दल खात्रीने लिहू शकतो. लांबट दिवाणखाना, भिंतीला लागून गाद्या. अध्यक्ष मधोमध. त्यांच्या उजवीकडे कोच, कोचच्या मागे गुडघे दुमडून भाई. पोरगा दारातून आला तेव्हा कुजबुज झाली. तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पांढराशुभ्र पायघोळ थोब घालून आला होता. सलाम करून समोरच्या बाजूला बसला. कहवा देणाऱ्याने त्याचा फिंजान भरला. त्याने तो उजव्या हातात घेतला आणि सावकाश गालिच्यावर ठेवला.

बोलणं हळूहळू थांबलं. एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

‘पी,’ अध्यक्ष म्हणाले.

‘माझं मागणं आहे,’ पोरगा म्हणाला.

‘बोल.’

त्याने सांगितलं. दोन वर्षं, उसनं देण्याआधी विचारणं, आणि माणसासारखा पगार. एकही वाक्य चुकलं नाही. कोचने मागे वळून पाहिलं. भाईंनी पंजा वर केला, डोळे मिटले आणि सगळं इंग्रजीत सांगितलं.

अध्यक्षांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग मोठ्याने म्हणाले, ‘मिळालं तुला. आता पी.’ खोलीत आनंदाचा आवाज उठला. वाहिनीच्या कॅमेऱ्याने ते सगळं टिपलं. पोराने फिंजान उचलला. तो ओठाला लागायच्या आत अध्यक्ष हसत म्हणाले, ‘पण बाळा, हा रिवाज तर तुमच्यात नाही. तुला शिकवला कुणी?’

मागणं मान्य झालं होतं. फिंजान हातात होता. ‘बापाने,’ एवढंच म्हणायचं होतं.

पोराने कोचच्या मागे बघत बोट केलं. ‘यांनी. दुभाष्यांनी. बसून राहायलाही त्यांनीच सांगितलं.’ आणि कहवा पिऊन टाकला.

कोचला काही कळलं नाही. ‘काय म्हणतोय?’ त्याने विचारलं. भाईंचा पंजा वर गेला. डोळे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मिटलेले राहिले. मग ते इंग्रजीत म्हणाले, ‘तो म्हणतो, हे मला दुभाष्याने शिकवलं. बसून राहायलाही त्यानेच सांगितलं.’

अध्यक्ष मोठ्याने हसले. ‘पाहा, आमचाच रिवाज आमच्यावर!’ त्यांनी खजुरांचं ताट स्वतः भाईंकडे सरकवलं. भाईंनी एक खजूर घेतला. तो त्यांनी खाल्ला की नाही, ते मला आठवत नाही.

परतताना ते माझ्या गाडीत होते. सिग्नलला ते स्वतःच म्हणाले, ‘पोर गांगरलं रे. एवढी माणसं, कॅमेरा, अध्यक्ष समोर. गांगरलं.’

‘तुमच्यावर काही येईल का?’

‘हसले ना अध्यक्ष? हसणारा माणूस मनात ठेवत नाही.’ मग थोड्या वेळाने, ‘एकोणीस वर्षांचं पोर ते. आपल्याला तरी काय अक्कल होती त्या वयात?’

त्या संध्याकाळी त्यांच्या बायकोने त्याच्या वाटणीच्या भाकऱ्या थापून ठेवल्या. तो आला नाही. भाई म्हणाले, लाजला असेल.

शनिवारी क्लबने पोराला पत्रकारांसमोर आणलं. टेबलामागे कोच, पोरगा, आणि मध्ये भाई, घडीच्या ट्रॅकसूटमध्ये. मागे नवी जर्सी लटकवलेली. प्रश्न साधे होते. कसं वाटतं, आदर्श कोण, कितवा नंबर. मग रियाधहून आलेल्या एका बातमीदाराने विचारलं, कराराची तारीख काय लिहू? गुरुवार की आज?

‘मंगळवार,’ पोरगा म्हणाला. ‘सही मंगळवारी झाली, अध्यक्षांच्या घरी.’

असं तो सहज बोलून गेला. क्लबच्या व्यवस्थापकाने त्याच्याकडे पाहिलं आणि मग फोनमध्ये डोकं घातलं. इंग्रजी बातमीदार उत्तराची वाट बघत होते. भाईंनी पंजा वर केला. डोळे मिटले. आणि मी त्यांना पहिल्यांदा अडकलेलं पाहिलं. वाक्य तीन-चार शब्दांचं होतं.

‘ट्यूसडे,’ ते म्हणाले. ‘ॲट द प्रेसिडेंट्स हाउस.’

मंगळवारी करार. गुरुवारी मजलिस. नंतर मी क्लबातल्या दोन माणसांना स्वतंत्रपणे विचारलं. दोघांनी सांगितलेलं जुळलं. पोरगा मंगळवारी एकटाच अध्यक्षांकडे गेला होता. भाईंनी काय शिकवलं, कधी शिकवलं, सगळं सांगितलं. अध्यक्षांनी अटी तिथेच मान्य केल्या. संघाला गोल हवे होते आणि मोसम तोंडावर होता. त्यांनी एकच गोष्ट मागितली: गुरुवारी ये, शिकवलंय तसंच कर, आणि मी विचारीन तेव्हा चार माणसांसमोर नाव घे. उदारपणा कॅमेऱ्यात यायला हवा होता, आणि फितूर कोण, ते सगळ्यांना दिसायला हवं होतं.

भाई परिषदेनंतर माझ्या गाडीपाशी आले, बसले नाहीत. दार धरून उभे राहिले.

‘बुधवारी तो आमच्याकडे जेवला,’ ते म्हणाले. ‘जेवण झाल्यावर म्हणाला, अम्मो, फिंजान कसा ठेवायचा ते पुन्हा दाखवा. मी दाखवलं. त्याने चार वेळा तालीम केली आमच्या सतरंजीवर. चौथ्या वेळी मी म्हणालो, हां, आता जमलं.’

त्यांनी गाडीचं दार लावून टाकलं. मग म्हणाले, ‘जमलंच होतं त्याला.’

एका आठवड्याने त्यांना बोलावणं आलं. कागदावर कारण होतं की तांत्रिक विभागाची पुनर्रचना झाली असून कोचला तरुण दुभाषी हवा आहे. कोचने हे ऐकलं तेव्हा तो अध्यक्षांकडे गेला, असं म्हणतात. पण तिथे त्याच्या बोलण्याचं भाषांतर करायला कुणी नव्हतं. भाईंनी दुसरा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर इकामा राहील असा मालक, शोधायची खटपट केली. अबकैकच्या एका ठेकेदाराने सांगितलं, साइटवर आता सगळे फोनमध्ये बोलतात आणि फोनच भाषांतर करतो. खलास.

पोराला ते एकदाच भेटले. सरावाच्या मैदानाबाहेर, गाड्या लावायच्या जागेत. मी शेजारच्या गाडीत होतो, काच उघडी होती. भाई अरबीत म्हणाले, ‘मुलीची परीक्षा मार्चमध्ये आहे. तू अध्यक्षांशी बोल. मार्चपर्यंत राहू देत. तुझं ऐकतील.’

पोरगा पायाने खडी उकरत होता. ‘अम्मो, तुम्हीच तर सांगता, शब्द बदलायचा नाही. त्यांनी विचारलं, मी खरं सांगितलं. खोटं कसं बोलू?’

‘मी खरंखोटं विचारत नाहीये. मार्चपर्यंत, एवढंच.’

‘माझाही करार नवा आहे,’ पोरगा म्हणाला. ‘आत्ताच काही मागणं बरं दिसणार नाही.’ आणि मोजे खाली ओढून आत पळाला.

मी भाईंना घरी सोडायला गेलो. घरी त्यांच्या बायकोने मला चहा दिला आणि कोकणीत, मला कळेल अशा हळू आवाजात म्हणाली, ‘त्याला मी माझ्या हाताने वाढलं.’  पोराचा बाप खमीस मुशैतहून आला होता म्हणे, पोराने घेतलेली नवी गाडी बघायला. भेटायला आला नाही.

शाळेने बरीच धडपड केली. मुख्याध्यापिका भाईंच्या घरी येऊन गेल्या. परीक्षेचं केंद्र भारतात बदलून घ्यायची मुदत टळली होती. मुलीचं वर्ष गेलं. ती रडली नाही. पुस्तकं खोक्यात भरताना प्रत्येक खोक्यावर मार्करने विषय लिहीत होती. भाई म्हणाले, पुढच्या वर्षी देशील. ती म्हणाली, ‘येस, अब्बू.’ एवढंच. वाद घातला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

शेवटच्या आठवड्यांत भाईंनी पंजा वर करणं सोडून दिलं. सामान विकताना बंगाली भंगारवाला आणि सौदी शेजारी यांच्यात घासाघीस लागली, दोघेही सवयीने यांच्याकडे बघू लागले. भाई म्हणाले, ‘तुमचं तुम्ही बघा.’ आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. टीव्हीवर सामना लागला की ते उठून जात. पोरगा पहिल्याच सामन्यात उतरला आणि चांगला खेळला. त्याची बातमी मीच दिली. त्यात लिहिण्यासारखं बरंच होतं.

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. मोठ्या बॅगा, टीव्हीचं खोकं, बायकोच्या हातात भाजी चिरायची विळी गुंडाळलेली पिशवी, जी काउंटरवर काढून ठेवावी लागली. भाईंनी इस्त्रीचा साधा शर्ट घातला होता. ‘पत्रकार, जातो,’ म्हणाले, आणि हात घट्ट धरून ठेवला. पारपत्र तपासणीच्या पलीकडे मला जाता येत नव्हतं. पुढचं मी पाहिलेलं नाही. ते मुलीने मला मुंबईहून फोनवर सांगितलं.

खिडकीतला अधिकारी तरुण होता. पडद्यावर फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडल्याची नोंद, वाचून त्याने मान वर केली आणि भाईंना ओळखलं. टीव्हीवर कोचच्या शेजारी दिसणारा चेहरा. तो उठून उभा राहिला आणि काचेखालून हात पुढे करून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. रांगेतले लोक बघू लागले.

‘तो नवा सुदानी पोरगा,’ अधिकारी म्हणाला. ‘काय डावा पाय आहे! तुम्ही तर त्याला जवळून ओळखत असाल?’

‘नाही,’ भाई म्हणाले. ‘मी ओळखत नाही त्याला.’

अधिकाऱ्याला आश्चर्य वाटलं. ‘रोज शेजारी बसून?’ तो हसला, पारपत्रं सरकवली आणि सुखरूप जा म्हणाला.

मुलगी मागेच होती. विमानाकडे जाताना तिने विचारलं, ‘अब्बू, झूठ क्यों बोला?’

भाई थांबले. बॅग खाली ठेवली.

‘खोटं कुठे?’ ते म्हणाले. ‘ओळखत असतो तर आज इथे आलो असतो का?’